एर्वाडीची साखळी: ६ ऑगस्ट २००१ च्या आगीचं पूर्ण प्रकरण

एर्वाडी म्हटलं की निम्म्या लोकांना येरवडा ऐकू येतं. कोणाला हे प्रकरण सांगायला घेतलं की पहिली पाच मिनिटं तो गोंधळ निस्तरण्यातच जातात. तर हे पुण्याचं येरवडा नाही. हे तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यातलं समुद्रकाठचं गाव आहे आणि तिथे सय्यद इब्राहिम शहीद यांचा मोठा दर्गा आहे. ६ ऑगस्ट २००१ ला पहाटे पाचच्या सुमारास या गावातल्या एका खाजगी 'मेंटल होम'ला आग लागली. होम म्हणजे काय, तर झावळ्यांनी शाकारलेली शेड. आत चाळीसच्या वर मनोरुग्ण होते आणि त्यातले बहुतेक जण खाटांना लोखंडी साखळ्यांनी बांधलेले होते. पंचवीस जण आधी गेले, नंतर आकडा २८ वर गेला. ज्यांच्या बेड्या जरा सैल होत्या ते कसेबसे सुटले, पाच जण गंभीर भाजून हॉस्पिटलमध्ये गेले. जे मेले त्यांचे देह ओळखू येत नव्हते.

तेव्हा ही बातमी सगळीकडे आली होती आणि 'अंधश्रद्धेचे बळी' या एका वाक्यात ती मिटली होती. मी पण अनेक वर्षं ते तसंच धरून चाललो होतो. नंतर या विषयावर जसजसं वाचत गेलो, काही घरं जवळून बघितली, तसतसं वाटायला लागलं की अंधश्रद्धा हा या प्रकरणाचा एक भाग आहे, पण त्या पहाटे लोकांना खाटेला धरून ठेवलं होतं ते श्रद्धेने नाही. साखळीने धरून ठेवलं होतं, आणि साखळी तिथे का आली हा सरळ पैशाचा आणि माणसांच्या कमतरतेचा प्रश्न आहे. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून नीट मांडतोय.

आधी गावात काय चालायचं ते. या दर्ग्यातलं पाणी आणि तिथे तेवत असलेल्या दिव्यातलं तेल यांनी आजार बरे होतात, त्यातही मनाचे आजार तर नक्कीच, अशी लोकांची श्रद्धा. मुसलमान यायचे तसे हिंदूही यायचे, आपल्याकडे दर्ग्यांना जातात तसेच. पेशंटला आणायचं, तेल लावायचं, पाणी पाजायचं आणि वाट बघायची. कशाची वाट? तर पेशंटला स्वप्नात आज्ञा व्हायची वाट. बाबा स्वप्नात येऊन 'आता घरी जा' म्हणाले की तो बरा झाला. ही आज्ञा दोन महिन्यांत होऊ शकते किंवा कित्येक वर्षांत. मधल्या काळात अंगातलं वाईट बाहेर काढायचं म्हणून छडीचे फटके, मार. दिवसा जाड दोराने झाडाला बांधायचं, रात्री लोखंडी साखळीने खाटेला.

आता विचार करा, घरातला एक माणूस दोन महिने ते दोन वर्षं तिथे ठेवायचा तर नातेवाईक कुठे राहणार, शेती कोण बघणार, मजुरी कोण करणार. सुरुवातीला लोक बरोबर राहायचे, मग ते जमेना, आणि त्यातून ही होम्स उभी राहिली. तुम्ही घरी जा, आम्ही तुमच्या माणसाला सांभाळतो, दर महिन्याला एवढे पैसे पाठवा. आणि या प्रकरणातली मला सगळ्यात जास्त हलवून टाकणारी गोष्ट म्हणजे ही होम्स काढणारे बहुतेक जण स्वतःच कधीतरी आपल्या घरच्या पेशंटला घेऊन एर्वाडीला आलेले होते. म्हणजे बाहेरून कोणी धंदेवाईक टोळी येऊन बसली असं झालं नव्हतं. तीच माणसं, तोच अनुभव, इथे राहायला जागा नाही हे स्वतः भोगलेलं, मग दुसऱ्यांना जागा देता देता ते उत्पन्नाचं साधन झालं.

हिशोब मांडून बघा. महिन्याचे पैसे घरून येणार, ते गरीब घरातून येणार म्हणून थोडेच. त्यात जेवण, जागा, देखरेख. चाळीस-पंचेचाळीस अस्वस्थ माणसं, कोणाला आवाज ऐकू येतात, कोण रात्री उठून चालायला लागतो, कोणी स्वतःला इजा करून घेईल अशी भीती, अशांना रात्रभर सांभाळायचं तर निदान सहा-सात माणसं जागी हवीत. त्यांचे पगार कुठून देणार? मग साखळी. साखळी एकदा विकत घ्यायची, ती जेवण मागत नाही, झोपत नाही, रजा घेत नाही. एर्वाडीची साखळी म्हणजे बिनपगारी रखवालदार होता असं मी म्हणतो आणि ते पूर्ण विचार करून म्हणतो. मार हा उपचाराच्या नावाखाली होता, पण रात्रीची बेडी उपचार म्हणून नव्हतीच. ती मनुष्यबळाच्या ऐवजी होती.

त्यात स्वप्नाच्या आज्ञेची गोष्ट अजून वाईट वळण घेते. हॉस्पिटलमध्ये डिस्चार्ज कोणी द्यायचा हे ठरलेलं असतं, इथे डिस्चार्ज स्वप्नावर. ज्याला आजारामुळे धड झोपच लागत नाही त्याला ते स्वप्न कधी पडणार, आणि पडलं तरी त्याने सांगितलेलं खरं कोण मानणार? आणि जोपर्यंत आज्ञा होत नाही तोपर्यंत दरमहा पैसे चालू. कोणी मुद्दाम अडकवून ठेवत होतं असं प्रत्येक होमबद्दल म्हणायचं नाही मला, पण ज्या व्यवस्थेत पेशंट बरा होण्यापेक्षा तो राहण्यातच व्यवस्थापकाचा फायदा असतो तिथे पेशंट राहतोच. घरचे सुरुवातीला यायचे, मग वर्षातून एकदा, मग नुसते पैसे.

इथे लोक लगेच विचारतात की अशा ठिकाणी घरची माणसं सोडून कशी जातात, त्यांना काळीज नव्हतं का. यावर मला माझ्या आजोळची गोष्ट सांगावी लागते. आजोळी शेजारच्या घरात एक तात्या होते, तरुणपणी बिघडलेले, म्हणजे गावाच्या भाषेत 'डोक्यावर परिणाम झालेला'. घराच्या मागच्या गोठ्यात त्यांच्या पायाला साखळी असायची आणि दुसरं टोक खांबाला. आम्ही पोरं लांबून बघायचो. त्यांची आई, आम्ही सगळे तिला माई म्हणायचो, ती रोज स्वतःच्या हाताने त्यांना भाकरी कुस्करून भरवायची, आंघोळ घालायची, साखळीने घोट्याला जखम झाली की हळद लावायची. मी सातवी-आठवीत असताना एकदा धीर करून विचारलं, माई, सोडत का नाही त्यांना. ती म्हणाली, "सोडलं तर हिरीवर जातंय रं बाळा, दोनदा काढलाय. मी एकली किती धावू?" त्या बाईइतकी माया मी फार कमी ठिकाणी बघितली आहे आणि साखळी तिनेच बांधली होती. गावापासून डोक्याचा डॉक्टर किती लांब होता ते तिला माहीतही नव्हतं. देवरुषी मात्र हाकेच्या अंतरावर होता आणि तो उतारा काढून देत होता, नारळ-कोंबड्यात. त्यामुळे एर्वाडीला आपला मुलगा ठेवून परतणाऱ्या बापाला निर्दय म्हणायची माझी तयारी नाही.

बरं, दुसरा रस्ता काय होता त्या बापाकडे? तमिळनाडूचं सरकारी मानसिक रुग्णालय एकच, चेन्नईला किलपॉकला. त्याची मुळं १७९४ पर्यंत जातात, कंपनीच्या काळात मद्रासमध्ये निघालेलं खाजगी असायलम, म्हणजे वेड्यांना ठेवायची जागा, पुढे १८७१ मध्ये किलपॉकच्या जागेवर आलं. रामनाथपुरमहून चेन्नई म्हणजे पाचशे किलोमीटरच्या वर. मदुराई त्यातल्या त्यात जवळ, तरी शंभरच्या वरच. स्किझोफ्रेनियाचं औषध एकदा जाऊन आणलं आणि संपलं असं नसतं, महिन्या-महिन्याला जायचं, डोस बदलायचा, हात थरथरायला लागले, जीभ जड झाली की परत विचारायचं. अंगावर धावून येणाऱ्या माणसाला एसटीच्या गर्दीत बसवून शंभर किलोमीटर नेणं काय असतं हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. डिस्ट्रिक्ट मेंटल हेल्थ प्रोग्राम, म्हणजे जिल्ह्यातच मानसिक उपचार मिळावेत म्हणून काढलेला सरकारी कार्यक्रम, १९९६ ला मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाला होता, पण २००१ पर्यंत देशातले बहुतेक जिल्हे कोरडेच होते.

आणि सरकारी वेड्यांच्या रुग्णालयांची कीर्ती काय होती तेही लक्षात घ्या. आपल्याकडे आजही चिडवताना लोक 'याला येरवड्याला टाका', 'ठाण्याला भरती करा' म्हणतात, नागपुरात तर चौकाचंच नाव पागलखाना चौक पडलंय. हे शब्द उगाच आलेले नाहीत. ब्रिटिशांनी १८५८ ला वेड्यांच्या असायलमचा कायदा केला, मग १९१२ चा लुनसी अ‍ॅक्ट, आणि दोन्हीत मुख्य विषय हा की वेड्याला आत कोणी पाठवायचं, मॅजिस्ट्रेटची ऑर्डर कशी काढायची, समाजाला त्याच्यापासून कसं वाचवायचं. बरं कसं करायचं हा मुद्दा मागेच. १९४६ ला देशाच्या आरोग्यव्यवस्थेवर भोर समितीचा अहवाल आला, त्या समितीसाठी मूर टेलर नावाच्या रांचीच्या मेंटल हॉस्पिटलच्या सुपरिंटेंडंटने देशातली मेंटल हॉस्पिटलं पाहिली, त्यांचं म्हणणं असं की यातली बहुतेक जुनाट आहेत आणि कोंडून ठेवण्यासाठी बांधली आहेत, बरं करण्याचा विचार त्यात नाही. सगळ्या देशात मिळून खाटा दहा हजारांच्या आसपास. मग स्वातंत्र्य आलं, औषधं आली, १९५० च्या दशकात क्लोरप्रोमझिन या औषधाने जगभर चित्र बदललं, आणि तरी १९९९ ला राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने निम्हान्स या बंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेबरोबर देशातल्या ३७ सरकारी मेंटल हॉस्पिटलांची पाहणी छापली तेव्हाही अनेक ठिकाणी तुरुंगासारख्या भिंती, तुरुंगासारख्या कोठड्या, संडास-पाण्याची दैना. हा रिपोर्ट आगीच्या दोन वर्षं आधीचा. म्हणजे माहीत नव्हतं असं कोणालाच म्हणता येणार नाही.

त्याच्याही आधी १९९३ ला सुप्रीम कोर्टाने, मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या केसमध्ये, काहीही गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना जेलमध्ये ठेवणं बेकायदेशीर आहे असं सांगितलं होतं. म्हणजे तोपर्यंत ठेवत होते. पश्चिम बंगालमध्ये वेडा म्हणून माणूस सरळ जेलमध्ये जायचा. एका बाजूला जेल, दुसऱ्या बाजूला जेलसारखं हॉस्पिटल, तिसऱ्या बाजूला दर्ग्याच्या आवारातली शेड जिथे निदान देवाचं नाव आहे, चार माणसं आपल्यासारखीच दुःखी आहेत आणि कोणी तुमच्या मुलाला 'वेडा' म्हणत नाही, 'बाधा झालीय' म्हणतात. बाधा उतरू शकते. वेड उतरतं असं त्या बापाला कोणीच सांगितलेलं नाही. मी त्याच्या जागी असतो तर कुठे गेलो असतो हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

कायदा होता का, तर होता. मेंटल हेल्थ अ‍ॅक्ट १९८७, अमलात आला १९९३ ला. त्यानुसार मनोरुग्णांना ठेवून घेणाऱ्या कुठल्याही खाजगी जागेला लायसन्स लागत होतं, तपासणी लागत होती. एर्वाडीतली होम्स चोरून चालत नव्हती. रस्त्यावरून दिसत होती, बोर्ड होते, बाहेरगावची बस उतरली की माणसं सांगायची कुठल्या होममध्ये जागा आहे ते. झाडाला बांधलेली माणसं हजारो भाविकांनी बघितली, अधिकाऱ्यांनीही बघितली असणारच, आणि कोणालाच ते 'घटना' वाटलं नाही. मला वाटतं या प्रकरणातला खरा गुन्हा त्या आठ वर्षांत घडत होता, १९९३ ते २००१, आगीने तो फक्त दिसला.

आग लागल्यावर मात्र सगळं वेगाने झालं. १३ ऑगस्टला, म्हणजे एका आठवड्यात, अशी सगळी होम्स बंद केली गेली आणि पाचशेच्या वर पेशंट सरकारने ताब्यात घेतले. काही जण चेन्नईला किलपॉकला गेले. इथे थोडं थांबायला पाहिजे. आठ वर्षं जे जमत नव्हतं ते सात दिवसांत जमलं, मग आधी का नाही हा एक प्रश्न, आणि दुसरा त्याहून अवघड, की पाचशे माणसांना शेडमधून उचलून आधीच गच्च भरलेल्या मोठ्या भिंतींच्या हॉस्पिटलात नेऊन ठेवणं याला सुटका म्हणायचं का. त्या दिवशी दुसरा इलाज नव्हता हे मान्य, साखळी सुटली, औषध मिळालं, जेवण मिळालं, हे मोठंच आहे. पण ज्या घरातून तो आला होता त्या घरापासून तो अजून लांब गेला.

राज्य सरकारने एन. रामदास यांचा चौकशी आयोग नेमला. त्याच्या शिफारशी अशा की मनोरुग्णांची काळजी सुधारा, होम काढायचं तर लायसन्स घ्या, सगळ्यांच्या साखळ्या काढा. वाचताना विचित्र वाटतं कारण यातलं काहीच नवीन नाही, कायद्यात होतंच. सुप्रीम कोर्टाने बातम्यांवरून स्वतःहून दखल घेतली. त्या केसच्या नावातच साखळीत बांधलेल्या २५ जणांचा आगीत मृत्यू असे शब्द आहेत, आणि मला ते बरं वाटतं, निदान कागदावर तरी 'साखळी' हा शब्द राहिला, कोणी गुळगुळीत केला नाही. ५ फेब्रुवारी २००२ च्या ऑर्डरमध्ये कोर्टाने प्रत्येक राज्याला सांगितलं की जिल्हावार सर्व्हे करा, रजिस्टर्ड असो वा नसो, मनोरुग्णांना ठेवणारी प्रत्येक जागा शोधा, निकष बघून लायसन्स द्या नाहीतर बंद करा, प्रत्येक राज्यात निदान एक सरकारी मानसिक रुग्णालय पाहिजे, आणि खेड्यापाड्यात लोकांना समजावून सांगा की साखळीने बांधणं बेकायदेशीर आहे आणि पेशंटला देवळात किंवा दर्ग्यात नेण्याऐवजी डॉक्टरकडे न्या. खटला खाली चालला आणि २००७ ला होमचा मालक, त्याची बायको आणि दोन नातेवाईक यांना सात-सात वर्षांची शिक्षा झाली. होमवाले शिक्षेला गेले. ज्यांनी लायसन्स बघायचं होतं त्यांच्याबद्दल मात्र असा निकाल कोणाला आठवत नाही.

कोर्टाच्या त्या 'देवळात-दर्ग्यात नको, डॉक्टरकडे न्या' या वाक्यावर मी खूप विचार केलाय. हेतू चांगलाच. पण डॉक्टर जिथे नाही तिथे हे वाक्य ऐकून माणूस काय करणार? आणि श्रद्धेच्या जागेत सगळं वाईटच असतं असंही नाही. त्याच २००२ साली तमिळनाडूतल्याच एका छोट्या देवळाबद्दल निम्हान्सच्या डॉक्टरांनी केलेला अभ्यास एका ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. तिथे राहायला आलेल्या ३१ गंभीर मनोरुग्णांचं त्यांनी येताना आणि जाताना मोजमाप केलं. सरासरी सहा आठवडे मुक्काम, औषध नाही, खास विधीही नाहीत, राहायचं, देवळातली रोजची छोटी कामं करायची, बरोबर घरचं एक माणूस. लक्षणांच्या स्कोअरमध्ये जवळपास वीस टक्के घट झाली. ३१ हा आकडा लहान आहे, तुलनेला दुसरा गट नव्हता, यावरून औषधं फेकून द्या असं कोणी समजू नका, प्लीज. पण फरक बघा. तेच राज्य, तोच आजार, तशीच श्रद्धा, फक्त तिथे घरचं माणूस सोबत होतं आणि मारझोड नव्हती, फी नव्हती. एर्वाडीत घरचं माणूस गेलं आणि त्याच्या जागी साखळी आली.

ही गोष्ट फार जुनी आहे. पॅरिसच्या बिसेत्र हॉस्पिटलात वेड्यांच्या साखळ्या काढल्या म्हणून पिनेल या डॉक्टरचं नाव सगळीकडे घेतात, पण बिसेत्रमधल्या साखळ्या प्रत्यक्षात १७९७ ला काढल्या त्या प्यूसें नावाच्या तिथल्या व्यवस्थापकाने. हा प्यूसें डॉक्टर नव्हता, स्वतः कधीकाळी त्याच हॉस्पिटलात दुसऱ्या आजाराचा पेशंट म्हणून आला होता. त्याने काय केलं, तर बऱ्या झालेल्या पेशंटांनाच नोकर म्हणून घेतलं आणि मारायला सक्त बंदी केली. साखळी काढून त्या जागी माणूस उभा केला, तोही आजार भोगलेला माणूस. एर्वाडीचे होमवालेही भोगलेलेच होते की, पण त्यांना ना ट्रेनिंग, ना औषध, ना तपासायला येणारं कोणी. तोच अनुभव एका ठिकाणी दयेकडे गेला आणि दुसऱ्या ठिकाणी शेडकडे.

आगीनंतर चांगलंही झालं, ते सांगितलं पाहिजे. डिस्ट्रिक्ट मेंटल हेल्थ प्रोग्रामला जोर आला, जिल्हे वाढत गेले. 'दवा आणि दुवा' नावाची पद्धत काही ठिकाणी सुरू झाली, गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात उनावाला मीरा दातारचा दर्गा आहे तिथे २००८ पासून, पुढे एर्वाडीतही. म्हणजे दर्ग्याच्या आवारातच ओपीडी. मुजावर दुवा देतो आणि सांगतो, आता त्या खोलीतल्या डॉक्टरला पण भेटून जा. माणसाला देव सोडायला लावायचं नाही, देवाच्या दारातच गोळी द्यायची. मला हे फार पटतं. माईच्या देवरुषाने एकदा जरी तिला सांगितलं असतं की उतारा काढलाय, आता तालुक्याला डॉक्टरकडे पण दाखव, तर ती गेली असती, शंभर टक्के गेली असती, कारण तिचा त्याच्यावर विश्वास होता.

कायदाही बदलला. मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट २०१७, लागू झाला २०१८ ला. त्याच्या ९५ व्या कलमात साफ लिहिलंय की मनोरुग्णाला कुठल्याही प्रकारे, कुठल्याही स्वरूपात साखळीने बांधता येणार नाही. आपल्याकडे त्याआधीच, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ ला जो जादूटोणाविरोधी कायदा झाला त्याच्या अनुसूचीत पहिलंच कृत्य आहे ते भूत उतरवण्याच्या बहाण्याने दोराने किंवा साखळीने बांधणं, काठीने-चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं. त्या यादीत माझ्या आजोळचं अर्धं गाव बसलं असतं.

तरी जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टासमोर उत्तर प्रदेशातल्या बदायूंचं प्रकरण आलंच, एका धार्मिक ठिकाणी मनोरुग्ण साखळीत बांधलेले, आणि कोर्टाला परत सांगावं लागलं की हे अमानुष आहे, जगण्याच्या हक्काच्या विरोधात आहे. एर्वाडीनंतर सतरा वर्षांनी. आणि त्याच केसमध्ये २०२१ ला आपल्या महाराष्ट्राचं नाव निघालं. मानसिक रुग्णालयातून बऱ्या झालेल्या माणसांना भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवलं जातंय हे कोर्टाच्या पुढे आलं आणि कोर्टाने ते चुकीचं ठरवलं. हे वाचलं त्या दिवशी मला रात्री झोप लागली नाही. कारण साखळी नाही, मार नाही, सगळं कागदोपत्री, आणि तरी गणित तेच एर्वाडीचं: माणूस बरा झालाय, घरचे न्यायला येत नाहीत, ठेवायला दुसरी जागा नाही, मग जिथे जागा आहे तिथे टाका. येरवड्याचं हॉस्पिटल मंजूर खाटांनी बघितलं तर अडीच हजारांचं आहे, ठाणं, नागपूर, रत्नागिरी धरून चार हॉस्पिटलं सगळ्या महाराष्ट्राला. तिथले डॉक्टर-नर्स किती ओढाताण करून काम करतात ते मी बघितलंय, त्यांच्यावर माझा रोख अजिबात नाही. पण घर आणि हॉस्पिटल यांच्या मधली जागा, जिथे बरा झालेला माणूस राहील, काम करेल, गोळ्या घेईल, ती नसेल तर तो कुठेतरी कोंबला जाणारच. कायद्याच्या १९ व्या कलमात समाजात राहण्याचा हक्क दिलाय, पण हक्काला चार भिंती आणि दोन पगारी माणसं लागतात.

हे होऊ शकतं याची उदाहरणं जवळच आहेत. डॉ. भरत वटवानी आणि त्यांची श्रद्धा ही संस्था १९८८ पासून मुंबईतल्या रस्त्यावरचे भटके मनोरुग्ण उचलतात, कर्जतला ठेवून उपचार करतात आणि मग बरोबर जाऊन देशभर जिथे असेल तिथे घरी पोहोचवतात, २०१८ ला त्यांना मॅगसेसे मिळालं. त्यांच्या कामात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही शेवटची पायरी, घरापर्यंत जाणं, घरच्यांना समजावणं, औषध हातात देणं. वर्षानुवर्षं बेपत्ता मुलगा दारात उभा राहिला की घरं त्याला आत घेतात. आपण समजतो तेवढी घरं दगडाची नसतात. त्यांना फक्त कोणीतरी सांगावं लागतं की हा आता बरा राहू शकतो आणि गोळी कुठे मिळेल ते.

तात्या मी कॉलेजला असताना गेले, गोठ्यातच. माई त्यानंतर दोन वर्षांनी. डॉक्टरला दाखवणं शेवटपर्यंत झालं नाही. मी तेव्हा काही केलं नाही, मला काही करता येतं हेच माहीत नव्हतं, आणि म्हणून हे शेवटचं मुद्दाम लिहितोय. २०१७ च्या कायद्याच्या १०१ व्या कलमात आहे की आपल्या हद्दीत एखाद्या मनोरुग्णाचा छळ होतोय किंवा त्याची आबाळ होतेय असं पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला कळलं तर त्याने मॅजिस्ट्रेटला कळवलंच पाहिजे, आणि असं दिसलं तर कुठलाही साधा नागरिक ठाण्यात जाऊन सांगू शकतो, नातेवाईक असायची गरज नाही. ठाण्यात जायच्या आधी त्या घरात जा, माईसारखी कोणी असेल तर तिच्याशी बोला, जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी कुठल्या वारी असते ते विचारून तिला सांगा, जमलं तर पहिल्या वेळी सोबत जा. आणि टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.